सातवी माळ

पद्मजाच्या पायाला भिंगरी आहे असं मयूर विहारातल्या त्यांच्या सोसायटीत सगळेच म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दूधवाला यायच्या आत ही बाई खांद्याला कॅमेरा अडकवून बंधाऱ्यापलीकडे यमुनेच्या खादरात पोचलेली असायची. खादर म्हणजे नदीकाठची सखल जमीन. भाजीचे मळे, पुरुषभर उंचीचं गवत, मधूनच दलदल. चपला चिखलानं भरून परत यायची, उभ्याउभ्या चहा ढोसायची आणि पुन्हा कुठंतरी निघायची. चाळिशी आली तरी तिचं हे असंच.

लोकांना वाटायचं, फोटोग्राफर आहे, पक्ष्यांचे फोटो काढत असेल. पक्षी कसले डोंबलाचे! आठ वर्षांपूर्वी तिचे वडील, भालचंद्रराव, अशाच एका सकाळी फिरायला म्हणून खादराकडे गेले ते परत आलेच नाहीत. सरकारी नोकरीतून निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं. प्रकृती ठणठणीत, घरात भांडण नाही, डोक्यावर कर्ज नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, हिंदूरावपासून सफदरजंगपर्यंत सगळी हॉस्पिटलं पालथी घालून झाली. माणूस सापडला नाही आणि माणसाचं काही सापडलंही नाही. हळूहळू सगळ्यांनी शोध सोडला. पद्मजानं नाही सोडला.

पोटासाठी ती बिल्डरांची ब्रोशरं करायची. गुडगाव म्हणू नका, वैशाली म्हणू नका, काल जिथं मोहरी डोलत होती तिथं आज सॅम्पल फ्लॅट उभा, आणि त्याच्यापुढची धूळ हिरवळीसारखी दिसली पाहिजे हे हिचं काम. त्या पैशांवर ती स्वतःचे उद्योग करायची. लहानपणी तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरात राहत असताना वडील तिला रिजवर, हिंदूरावच्या टेकडीवर फिरायला न्यायचे. तिथली पळसाची पानं आणून, त्यांच्यावर वडिलांच्या जुन्या निगेटिव्ह ठेवून ती उन्हात वाळवायची, की पानावर फोटो उमटायचा. कधी बिटाच्या रसात कागद भिजवून त्याच्यावर छापायची. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये तिचं प्रदर्शन झालं तेव्हा इंग्रजी पेपरवाल्यानं दोन कॉलम भरून कौतुक केलं होतं. आई, हेमलताबाई, एवढंच म्हणाल्या, "ते बीट मी कोशिंबिरीला आणलं होतं."

त्या वर्षी गणपतीत उल्हास आला. पद्मजाचा धाकटा भाऊ. गुडगावात परदेशी कंपनीत, बायको तेजश्री आणि मुलंही तिकडेच, खिशात विटेएवढा मोबाईल. मोदक खाऊन झाल्यावर त्यानं विषय काढला.

"आई, सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्ट त्याला गेलेला धरतं. मी वकिलाशी बोललोय. बिल्कुल सिंपल आहे. फक्त तुझी सही लागेल. दसऱ्याला कागद घेऊन येतो."

"दसऱ्याला?" पद्मजा ताडकन उभी राहिली. "बाप मेला म्हणून सही घ्यायला दसऱ्याचा मुहूर्त बघितलास?"

"यार ताई, सुट्टी त्याच दिवशी आहे मला. आणि किती वर्षं हे असं लटकत ठेवायचं? फ्लॅट बाबांच्या नावावर, सोसायटीत साधा अर्ज करायचा तर म्हणतात त्यांना आणा. कुठून आणू?"

"मी आणते."

"आण मग. आठ वर्षं आणतेच आहेस."

हेमलताबाई तिथंच उभ्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात मोदकाचं ताट. त्या ताट घेऊन आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. पद्मजानं त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. आईला हे सहन होणार नाही. सही केली की त्या बाईला कपाळ पुसावं लागेल, आणि तेही पोटच्या पोरानं पुसायला लावलं म्हणून. ते काही नाही. ही सही होऊ द्यायची नाही. दसऱ्यापर्यंत काहीतरी केलंच पाहिजे. तिला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

काय करायचं ते तिला घटानं सुचवलं.

हेमलताबाईंचा नवरात्रातला घट दिल्लीच्या मराठी घरांत नावाजलेला होता. इथं काळी माती कुठून आणणार? त्या खादरातली भुरी माती चाळून घ्यायच्या, भिजवलेले गहू पेरायच्या, वर कलश ठेवायच्या, आणि रोज घटावर एक माळ चढवायच्या. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले ते गहू नवव्या दिवशी असे पिवळेधमक, दाट उठायचे, की बायका बघायला यायच्या. घट चांगला आला की घराचं बरं असतं, असं हेमलताबाई मानायच्या. पण गेल्या वर्षी दाराची फट उघडी राहिली होती, आणि तेवढ्या पट्ट्यातलं धान हिरवं झालं होतं. बाकी पिवळं, मध्ये एक हिरवी रेघ. हेमलताबाई चुकचुकल्या. पद्मजा मात्र त्या रेघेकडे बघतच राहिली होती. उजेड पडला तिथं हिरवं, अंधार राहिला तिथं पिवळं. अगं बाई, म्हणजे हा फोटोचा कागदच झाला की!

उन्हाळ्यात तिनं गपचूप ट्रेमध्ये करून बघितलं होतं. आधी पिंपळपानाची आकृती उमटवली, मग स्वतःचा पंजा. जमलं. आता तिनं ठरवलं, घटात बाबांचा चेहरा उगवायचा. उल्हास वकिलाचे कागद घेऊन दारात उभा राहील, आणि समोर घटात बाबा. कागदावरचे नाहीत, भिंतीवरचे नाहीत, मातीत मुळं धरलेले, रोज बोटभर वाढणारे. वाढणाऱ्या माणसाला मेलेला कोण म्हणेल? आई तर नक्कीच नाही. आईचा तर घटावर विश्वास. ती पेन हातातही धरणार नाही.

आधी आईला सांगायची मात्र सोय नव्हती. सोवळ्याओवळ्यात असले धंदे करू देणारी बाई नव्हती ती.

"आई, यंदा घट माझ्या डार्करूममध्ये बसवूया," ती म्हणाली. "देवघरात बाल्कनीचा वारा येतो, समई विझायला होते. तिथं खिडकीच नाही."

"तिथं तुझ्या औषधांचा वास येतो."

"सगळं काढून ठेवते. खोली धुऊन देते. फक्त कलश जरा भिंतीकडे सरकवून ठेव, आणि पुढं माती लांबरुंद पसर. मला एक फोटोचा प्रयोग करायचाय."

"कलश कडेला? आणि देवीनं काय दारात चपला सांभाळायच्या?" हेमलताबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कसला प्रयोग?"

"झाडाचा," पद्मजानं बेधडक थाप मारली.

हेमलताबाईंनी चष्मा वर सरकवून तिला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बरं. पण सकाळी मी पूजा करीन तेव्हा तुझं यंत्र बंद. आणि पेरणार मी. तुझ्या हाताला तेवढा धीर नाही."

एवढ्यावर ती मानेल असं पद्मजाला वाटलं नव्हतं. पण आनंदाच्या भरात तिनं त्याचा फार विचार केला नाही.

निगेटिव्ह तिनं आधीच काढून ठेवली होती. आयुष्यातला तिचा पहिला फोटो. दहा वर्षांची असताना वडिलांच्या डबा कॅमेऱ्यानं रिजवर काढलेला. तरुण भालचंद्रराव, उन्हानं डोळे किलकिले केलेले, केसांचा चोपून भांग. तिनं त्याची प्रोजेक्टरला बसेल अशी प्रत केली, प्रोजेक्टर माळ्यावर चढवला आणि पुढं तिरका आरसा लावून चेहरा खाली मातीवर पाडला. समई बाजूच्या कोनाड्यात ठेवली, म्हणजे तिचा उजेड मधे यायला नको.

पहिली माळ चढली, आणि पद्मजाचा जीव टांगणीला लागला. सकाळी आई पूजेला बसली की ही खादरात. परत आली की डार्करूममध्ये. घटावर लोंबणाऱ्या माळा चिमट्यांनी वर अडकवायच्या, म्हणजे त्यांची सावली चेहऱ्यावर पडायला नको, आणि प्रोजेक्टर सुरू. मग दिवसभर डोळ्यांत तेल घालून राखण. मयूर विहारात तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. वीज गेली की ही जिन्यात जाऊन मीटरकडे बघत उभी राहायची, जसं काही हिच्या बघण्यानंच ती येणार होती. संध्याकाळी प्रोजेक्टर बंद करून, समईच्या उजेडात चिमटे काढून माळा पुन्हा खाली सोडायची. जेवताना मध्येच उठून दाराची फट बंद आहे का ते बघून यायची.

"जरा टेक गं," हेमलताबाई म्हणायच्या. "तुझं झाड पळून जात नाही."

तिसऱ्या दिवशी मातीतून पांढरे कोंब डोकावले. चौथ्या दिवशी तिला वाटलं, कपाळाची कड दिसते आहे. नंतर वाटलं, भास असेल. पाचव्या दिवसापासून आईच्या माळा एकदम लांब यायला लागल्या. झेंडू स्वस्त झाला असेल, पद्मजाला वाटलं. तिला त्याचा तापच झाला, दोनाच्या जागी चार चिमटे लावावे लागायला लागले. सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रोजेक्टर बंद करून तिनं बॅटरी मारली. बाबा होते. डोळ्यांच्या खाचा गर्द हिरव्या, कपाळ आणि गाल पिवळे. एका हातानं बॅटरी धरून दुसऱ्या हातानं तिनं तोंड दाबून धरलं. किती सुंदर झालं होतं ते! आपल्या हातून याआधी असं काही झालं नाही आणि यापुढं होणार नाही, हे तिला तिथंच कळलं.

सातव्या दिवशी ती खादरात गेली नाही. धान आता उंच होत होतं, एक-दोन दिवसांत लवायला लागलं असतं, त्याच्या आत तिला त्याचा नीट फोटो काढून ठेवायचा होता. ती कॅमेरा घेऊन डार्करूमशी आली तेव्हा दार उघडं होतं आणि आत ट्यूबलाईट लागलेली होती. आई आधीच आत होती. पाटावर उभी राहून, हात उंच करून, ती कलशावरच्या खिळ्याला सातवी माळ अडकवायच्या बेतात होती.

आणि पद्मजानं पहिल्यांदा ते दोन्ही एकत्र बघितलं. खाली बाबांचा चेहरा. वर खिळ्यापासून निघून, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी उतरून, हनुवटीखाली टेकलेल्या सहा माळा. प्रत्येक मराठी घरातल्या भिंतीवर आजोबा असतात ना, तसे. हार घातलेले.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! आठ वर्षं ज्या माणसाच्या फोटोला हिनं कुणाला फूल वाहू दिलं नव्हतं, त्याला हिनं स्वतःच्या हातानं नेऊन नेमकं बसवलं कुठं, तर जिथं रोज हार चढतो तिथं.

"आई, थांब!" ती ओरडली. "घालू नकोस!"

"ओरडू नकोस, समई विझेल," हेमलताबाई वळून न बघता म्हणाल्या. "का नको?"

"अगं, खाली बघ ना. बघ कोण आहेत ते."

"दिसतंय मला. चष्मा लावलाय."

पद्मजा दारातच खिळली. हेमलताबाई पाटावरून सावकाश खाली उतरल्या. माळ तशीच हातात होती.

"चौथ्या दिवशी कपाळ दिसलं," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी भांग. उलट्या बाजूला काढलायस."

"आरशामुळे," पद्मजा पुटपुटली. "निगेटिव्ह उलटी घालायला हवी होती. विसरले."

"असू दे. तिमारपूरला एकच आरसा होता आपल्याकडे. मी वेणी घालत बसायची, आणि ह्यांना ऑफिसची घाई. माझ्या मागं उभे राहून भांग पाडायचे. मला आरशातले हे असेच माहीत आहेत." हेमलताबाई खाली घटाकडे बघत होत्या. "म्हणून तर लगेच ओळखलं."

"म्हणजे पाचव्या माळेपासून तू मुद्दाम..."

"लांब केल्या. आधीच्या चारही वाढवून घेतल्या. आखूड माळ नाकावर येत होती. तसं बरं दिसत नाही."

"आई!" पद्मजाचा आवाज चिरकला. "मी त्यांना जिवंत करत होते इथं! दसऱ्याला उल्हास येईल, तो बघेल, तू बघशील, मग ती सही कुणी करणार नाही म्हणून मी हे सगळं... आणि तू त्यांना हार घालतेयस?"

"तू घटात बसवलंस त्यांना. घटावर काय चढतं, पद्मा?"

राग कुणावर काढायचा ते पद्मजाला कळत नव्हतं. शेवटी तिनं आईच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"मग हे? हे कशाला लावतेस? ते गेले असं तुला वाटतं, तर हे इतकी वर्षं कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," हेमलताबाई म्हणाल्या.

बाहेर सोसायटीच्या गेटवर भाजीवाला ओरडत होता.

"पहिलं वर्ष सरलं तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हे न सांगता शेजारी पेपर आणायलासुद्धा जात नसत. असते तर आले असते. रांगत आले असते. मी ठरवलंही होतं, आता पुरे. त्या दिवशी तू खादरातून आलीस. पायात काच गेलेली, फरशीभर रक्त. आणि आल्या आल्या तू पहिलं काय बघितलंस? माझं कपाळ. ते जागेवर आहे बघितलंस आणि मग पाय धुवायला गेलीस. म्हटलं, राहू दे. पोरीचा जीव तेवढ्यावर टिकून आहे. दरवर्षी वाटायचं, यंदा थांबेल ही. तू थांबेचनास."

"मी तुझ्यासाठी शोधत होते," पद्मजा म्हणाली. "मला वाटायचं मी थांबले तर तू..."

"हो ना. तू माझ्याकडे बघून पळतेयस आणि मी तुझ्याकडे बघून कुंकू लावतेय. दोघी शहाण्या." हेमलताबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदरानं पुसलं, आणि मग त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "आणि ऐक, सही मी देणार आहे. पण कुंकू काही पुसणार नाही. लग्नाआधीपासून लावतेय मी. ते काही ह्यांनी आणलेलं नाही."

त्यांनी माळ पुढं केली.

"घे. आजची तू घाल."

पद्मजाचा हात वर होईना. सहा दिवस ती या चेहऱ्याकडे बघत होती, पण उजेड कुठं कमी पडला, कड कुठं फिसकटली, एवढंच बघत होती. वडील म्हणून एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं. कालच्यापेक्षा धान वाढलं होतं. गालांवरची पाती थोडी लवली होती, हनुवटीपाशी विरळ होऊन पांढुरकी दिसत होती. रिजवरचा तो तरुण माणूस त्यात उरलेला नव्हता.

"म्हातारे दिसतात गं," ती म्हणाली.

"दिसणारच. पासष्ट वर्षांचे झाले असते." हेमलताबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस. एवढे तरी बघायला मिळाले."

तेव्हा पद्मजा रडली. आठ वर्षांत रडली नव्हती. रडणं म्हणजे कबूल करणं, म्हणून रडली नव्हती. आता ती पाटावर चढून, रडत रडत, दोनदा खिळा चुकवून, माळ घालत होती आणि आई खालून सांगत होती, डावीकडे घे, अजून जरा, हं, आता सोड. माळ बाबांच्या हनुवटीखाली नीट बसली.

दुपारी तिनं स्वतःच उल्हासला फोन लावला. तो कुठल्याशा मीटिंगमध्ये होता, मागं लोक बोलत होते.

"बोल ताई, जल्दी."

"दसऱ्याला कागद घेऊन ये. आई सही करणारेय. मी पण आहे."

पलीकडे दार उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आला. मागची माणसं बोलायची थांबली.

"अच्छा," उल्हास हळू म्हणाला. "तू... ठीक आहेस ना?"

"ऐक. यंदाच्या घटात मी बाबांचा चेहरा उगवलाय. खरंच, येऊन बघ, अगदी ते आहेत. दसऱ्याला घट हलला की यमुनेत सोडणार. मग परत दिसायचे नाहीत. तेव्हा तेजश्रीला आणि मुलांना घेऊन ये."

बिल्कुल सिंपल म्हणणारा, वकील गाठणारा, सुट्टीचा दिवस बघणारा उल्हास. त्यानं नाक ओढल्याचं तिला ऐकू आलं, आणि कुणी गेल्याचा फोन आल्यावर घरोघरी माणसं जे विचारतात, पण त्या दोघांना आठ वर्षांत विचारायला मिळालं नव्हतं, तेच त्यानं विचारलं.

"किती वाजता नेणार, ताई?"

"दुपारी," पद्मजा म्हणाली. "सावकाश गाडी चालव. तू आल्याशिवाय नाही नेणार."